घरीच प्रार्थना केली तर चालत नाही का?

पाठासाठी वाचन : योहान 15:1-10, मत्तय 6:5-13, 1 करिंथकरांस 11:17-34



घरभेटीला गेलो की हा प्रश्न कुठे ना कुठे निघतोच. चहा होतो, मुलांच्या शाळा-नोकरीचे बोलणे होते, यंदा द्राक्षाला काय दर मिळाला तेही होते, आणि आम्ही उठता उठता घरातले कोणीतरी म्हणते, "फादर, आमचं चर्चला येणं होत नाही, पण घरी रोज प्रार्थना असते. देव सगळीकडे आहे ना? मग घरीच प्रार्थना केली तर चालत नाही का?"

विचारणारी व्यक्ती पळवाट शोधत असते असे आम्हाला वाटत नाही. त्या घरात भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते, संध्याकाळी जपमाळ होते. म्हणून "रविवारची मिस्सा चुकवणे पाप आहे" एवढे एकच वाक्य बोलून उठून येणे बरे वाटत नाही. नियम आहे आणि तो खरा आहे. पण त्याच्या मागे काय आहे ते कळले नाही तर माणूस नियम मोडतो तरी, नाहीतर कुरकुरत पाळतो तरी. या रविवारच्या पाठात त्या मागच्या गोष्टीकडे पाहू.

कोरोनानंतर हा प्रश्न जास्त ऐकू येतो. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि चर्चची दारे बंद झाली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 पासून परत सुरू झाली. त्या दिवसांत मोबाईलवर मिस्सा पाहून पुष्कळांनी आपली श्रद्धा टिकवली, हे देवाचे उपकारच. पण दारे उघडली तरी काही जण मोबाईलवरच राहिले. तिथे वेळेची सक्ती नाही, आणि उपदेश लांबला तर बोटाने पुढे सरकवता येतो. (ही सोय चर्चमध्येही असावी असे वाटणारे काही चेहरे आम्हाला वेदीवरून दिसतात.) पोप दुसरे जॉन पॉल यांनी 31 मे 1998 रोजी रविवारविषयी 'दिएस दोमिनी', म्हणजे 'प्रभूचा दिवस', नावाचे पत्र लिहिले. मोबाईलचा आजचा जमाना तेव्हा यायचा होता, पण टीव्हीवरील मिस्सेविषयी त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले आहे. जे आजारी आहेत, घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांना ती मोठा आधार आहे. ज्यांना येता येते त्यांचे कर्तव्य मात्र तिने पुरे होत नाही. लग्नाचा व्हिडिओ कितीही छान असला तरी पाहणाऱ्याच्या पानात तो जेवण वाढत नाही.

आता घरच्या प्रार्थनेकडे वळू. घरीच प्रार्थना करणारे भाविक मत्तयच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेतात. तिथे प्रभू सांगतो की लोकांना दिसावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जाऊन दार लावून पित्याशी बोला. हा आधार अगदी योग्य आहे. आमची एवढीच विनंती आहे की तीन वचने पुढे वाचावे. त्याच अध्यायाच्या नवव्या वचनात प्रभू प्रार्थना शिकवतो आणि तिचा पहिलाच शब्द बहुवचनी आहे. पिता 'आमचा', भाकर 'आमची', अपराध 'आमचे'. दार लावून, अंधारात, एकट्याने म्हटली तरी ही प्रार्थना अनेकांच्या तोंडची आहे. शेजाऱ्याला बाहेर ठेवून ती म्हणायची कशी?

आणि ती आपल्याला शिकवली कोणी? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला देकार्त अभ्यासाला होता. 1637 च्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की शेकोटीच्या उबेच्या खोलीत एकटाच बसून त्याने सगळ्या गोष्टींवर शंका घेतली, आणि शेवटी विचार करणारा 'मी' तेवढा शंकेच्या पलीकडे उरला. मोठा तत्त्वज्ञ, वाद नाही. पण ज्या भाषेत तो शंका घेत होता ती त्याला दुसऱ्या कोणीतरी शिकवली होती, इकडे त्याचे लक्ष गेले नाही असे आम्हाला तेव्हाही वाटे. श्रद्धेचेही तसेच आहे. क्रुसाची खूण करायला आपला हात धरून आईने शिकवले, आजीने शिकवले, नाहीतर एखाद्या सिस्टरने किंवा गावोगाव सायकलवर फिरणाऱ्या कॅटेकिस्ट मास्तरांनी. बाप्तिस्मा तर कोणालाच स्वतःचा स्वतःला देता येत नाही. पोपनाही नाही.

आता योहानाचा पंधरावा अध्याय. खरे तर तो तासगावात धर्मगुरूने समजावून सांगण्याची गरज नाही. इथल्या बागाईतदाराने धर्मगुरूला समजावावा. ज्या तालुक्यातल्या बोरगावातून 'तास-ए-गणेश' हा द्राक्षाचा वाण सगळीकडे गेला आणि ज्या जिल्ह्याच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे वेल आणि फाटा म्हणजे काय हे शाळकरी पोरही सांगते. आपल्यापैकी काहींच्या स्वतःच्या बागा आहेत, पुष्कळ जण दुसऱ्यांच्या बागेत छाटणीला, विरळणीला आणि बेदाण्याच्या शेडवर कामाला जातात. त्यांनी हा अध्याय आपल्या कामाच्या डोळ्यांनी वाचावा.

प्रभू स्वतःला वेल म्हणतो, पित्याला माळी आणि शिष्यांना फाटे. चौथ्या वचनापासून दहाव्या वचनापर्यंत 'राहणे' हे एकच क्रियापद मूळ ग्रीकमध्ये दहा वेळा आले आहे. प्रभूला 'येऊन-जाऊन असा' म्हणायचे नाही, 'राहा' म्हणायचे आहे. आणि तो ज्यांना हे सांगतो ते 'तुम्ही' ग्रीकमध्ये स्पष्ट बहुवचनी आहे. इथे आपल्या मराठीत थोडा घोटाळा होतो. आपण मोठ्या माणसाला एकट्यालाही 'तुम्ही' म्हणतो. त्यामुळे घरी बसून शुभवर्तमान वाचणाऱ्याला वाटते की प्रभू मला एकट्यालाच आदराने काही सांगतो आहे. मुळात तो भोजनाच्या मेजाभोवती बसलेल्या सगळ्यांशी बोलतो आहे. यशयाच्या पाचव्या अध्यायात आणि ऐंशीव्या स्तोत्रात जो द्राक्षमळा, जी वेल येते, तीही कोणी एक भक्त नसून देवाची सगळी प्रजा आहे. ते शिष्य हे ऐकूनच वाढले होते.

बागेत वर्षाला दोन छाटण्या असतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. जुनी काडी काढून टाकतात, बाग बोडकी दिसते, आणि बाहेरगावच्या पाहुण्याला वाटते की हिचे आता काही खरे नाही. मग नवी फूट येते, तिची काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यात, कोणाला न दिसता, पुढच्या घडाची बैठक होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते, काडीवर मोजके डोळे ठेवतात आणि मग घड बाहेर येतो. म्हणजे फेब्रुवारीत आपण जो घड तोडतो तो आदल्या उन्हाळ्यातच काडीत बसलेला असतो. आणि तो बसतो काडी वेलीवर असताना, बाहेर काहीच दिसत नसताना. "मिस्सेला आलो तरी मला काही वाटत नाही, मन लागत नाही" असे जे तरुण म्हणतात त्यांनी या डोळ्याचा विचार करावा. प्रत्येक रविवारी घड दिसत नाही.

दुसरी गोष्ट छाटलेल्या काडीची. ती खाली पडली म्हणून त्याच दिवशी वाळत नाही. पाने हिरवीच असतात, वरवर पाहिले तर वेलीवरच्या काडीत आणि तिच्यात फरक कळत नाही. काही दिवस आत साठलेल्या ओलाव्यावर निघून जातात. "चर्चला न येऊन मला काहीच फरक पडला नाही" असे म्हणणाऱ्याचे बोलणे म्हणूनच खरे असते. आईवडिलांनी पंचवीस-तीस वर्षे साठवून दिलेला ओलावा आहे तो. त्यावर त्याची स्वतःची प्रार्थना चालते. त्याच्या मुलांची चालेल का, हे आम्ही विचारू इच्छितो. काही घरांत आजी-आजोबांना सगळी जपमाळ पाठ, आईवडिलांना अर्धी, आणि दहावीच्या मुलाला क्रुसाची खूण कोणत्या हाताने करायची याचा विचार करावा लागतो. हे आम्ही टीका म्हणून लिहीत नाही, तीन पिढ्या एका खोलीत बसलेल्या असताना दिसते म्हणून लिहितो.

छाटणीबद्दल आणखी एक. दुसऱ्या वचनात फळ देणाऱ्या फाट्याला माळी छाटतो यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा अर्थ 'स्वच्छ करणे' असाही होतो, आणि तिसऱ्या वचनात शिष्य शुद्ध झाले आहेत असे प्रभू म्हणतो तेव्हा त्याच मुळातला शब्द वापरतो. म्हणजे कात्री लागते ती फळ देणाऱ्यालाही लागते. समूहात राहिले की ही कात्री पहिल्यांदा माणसांच्या हातून लागते. गायनमंडळात आपला आवाज कोणी ऐकत नाही, सणाच्या समितीत आपले नाव राहून जाते, मिस्सेच्या वाचनाला दुसऱ्याला बोलावतात. घरी एकट्याने प्रार्थना करण्यात हे काहीच सोसावे लागत नाही, आणि आमच्या मते घरची प्रार्थना सोपी वाटण्याचे निम्मे कारण तेच आहे.

एकत्र येणे सोडून देण्याची सवय काही आजची नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात, म्हणजे पहिल्याच शतकात, काहींनी एकत्र जमणे सोडले आहे अशी तक्रार आहे. आणि न सोडणारे काय करत होते, तेही आपल्याला माहीत आहे. संत जस्टिन हे मुळात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. एकामागून एक चार पंथांच्या शिक्षकांकडे फिरून ते ख्रिस्ताकडे आले आणि त्यानंतरही त्यांनी तत्त्वज्ञांचा झगा उतरवला नाही. सुमारे 155 साली त्यांनी रोमच्या बादशहाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या मिस्सेचे वर्णन आहे. शहरातले आणि खेड्यांतले सगळे एका जागी जमतात. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात. प्रमुख उपदेश करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, प्रमुख उपकारस्तुती करतो आणि सगळ्यांना वाटा मिळतो. जे आले नाहीत त्यांच्या घरी डिकन तो नेऊन पोचवतात. मग ज्याला शक्य असेल तो आपल्या मर्जीने दान देतो, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची सोय होते. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही मिस्सा आजच्या आपल्या मिस्सेपेक्षा कितीशी वेगळी आहे? शेवटची दोन वाक्ये मात्र पुन्हा वाचा. न आलेल्याची आठवण आणि गरजवंताचा वाटा, हे त्या सभेत मिस्सेचाच भाग होते.

पुढे 303 साली बादशहा डायोक्लेशियन याने ख्रिस्ती सभांवर बंदी घातली. उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, अबितिने नावाच्या गावी एकोणपन्नास जण रविवारी जमलेले पकडले गेले आणि 304 साली कार्थेज येथे त्यांची चौकशी झाली. बंदी असताना लोकांना घरात का घेतलेस, असे एमेरितस नावाच्या वाचकाला अधिकाऱ्याने विचारले. त्याच्या उत्तराचा आशय असा होता की प्रभूच्या दिवसावाचून आम्हाला जगताच येत नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 29 मे 2005 रोजी इटलीतील बारी येथे याच साक्षीवर उपदेश केला होता. आमचे लक्ष एका लहानशा गोष्टीकडे जाते. हे लोक जमले होते तेही कोणाच्या तरी घरातच. तेव्हा 'घर की चर्च' असा हा प्रश्न नाहीच. एकट्याने की एकत्र, असा तो आहे.

आपल्या शेजारच्या साताऱ्यातलेच एक उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, जन्म 1861 चा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते अगदी एकटे होते. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्यांकडे होत्या आणि दोघांची वर्षानुवर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या मधल्या वर्षांचे हाल ठाऊक आहेत. पुढे टिळकांना मिशनची चौकट, तिची परदेशी धाटणी रुचेना. 1917 मध्ये ते मिशनच्या कामातून बाहेर पडून साताऱ्याला गेले. कवी माणूस, मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही त्यांची भजने गायली जातात. खोलीत बसून अभंग लिहीत ख्रिस्ताची भक्ती करायला त्यांना कोणी अडवले नसते. पण संस्थेला कंटाळलेल्या या माणसाने साताऱ्यात काय केले? 'देवाचा दरबार' सुरू केला, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा बंधुसमाज. दरबार एकट्याचा होत नाही. 9 मे 1919 रोजी ते वारले, दरबाराला दोन वर्षेही नीट मिळाली नाहीत. टिळक प्रोटेस्टंट होते, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही दरबारात सारखेच स्थान देण्याची त्यांची कल्पना आम्हा कॅथलिकांना जशीच्या तशी मान्य होणारी नाही. बाप्तिस्मा हे ख्रिस्तसभेचे दार आहे असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली पुन्हा सांगितले आहे. तरी चर्चवर रागावून घरी बसलेल्या प्रत्येकाने टिळकांकडे एकदा पाहावे. ते रागावले आणि माणसे गोळा करायला निघाले.

राग हा शब्द आलाच आहे तर आता अवघड गोष्टीकडे येऊ. जे येत नाहीत त्यांच्यातले सगळेच आळसाने किंवा मोबाईलमुळे येत नाहीत असे नाही. काही घरे दुखावलेली आहेत. भावाभावांत जमिनीवरून कोर्टात गेलेले आहे आणि दोघांनी एका छपराखाली बसायचे नाही असे ठरवले आहे. कोणाच्या घरी मयत झाली आणि चार माणसे आली नाहीत. कोणाला 'नवे ख्रिस्ती' म्हणून मागच्या रांगेत बसावे लागले, कोणाच्या मुलीच्या स्थळाच्या वेळी पूर्वजांची जात विचारली गेली. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने 2016 साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, ते उगाच नव्हे. अशा घरातून "घरीच प्रार्थना केली तर चालत नाही का" असा प्रश्न येतो तेव्हा तो देवाविषयी नसतो, आपल्याविषयी असतो.

संत पौलाला हा प्रश्न ओळखीचा होता. करिंथमध्ये प्रभुभोजनाला जमलेले श्रीमंत आपले डबे आधीच खाऊन घेत आणि मजुरी करून उशिरा येणारे उपाशी राहत. पौलाने त्यांना 'येऊ नका' म्हटले नाही, पण अशा जमण्याने भले होण्यापेक्षा बिघडतेच जास्त, इतक्या कडक शब्दांत सुनावले. प्रभूचे शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असे तो म्हणतो. हे शरीर वेदीवर आहे तसेच शेजारच्या बाकावरही आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख पुढच्याच बाराव्या अध्यायात स्पष्ट होतो. रोमकरांस लिहिताना त्याने कलमाचे उदाहरण घेतले आहे: मागून जोडलेल्या फांदीने मिरवू नये, मूळ तिला धरून आहे, ती मुळाला नाही. इथे बागा डॉगरिजच्या खुंटावर भरतात. भरणीच्या दिवशी काडी कोणाच्या बागेतून आणली हे शेतकरी विचारतो. कलम जुळले, वेल मांडवावर गेली, घड लागले, की तो ते विचारत बसत नाही.

तेव्हा रुसलेल्याने यावे हे जितके खरे, तितकेच आलेल्यांनी त्याच्या दारात जावे हेही खरे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीपाशी दान घेऊन आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करायला जावे. लक्षात घ्या, आपल्या मनातला राग नव्हे, त्याच्या मनातला. पहिले पाऊल चर्चमध्ये पोचलेल्या माणसाने टाकायचे आहे. यात कठीण किती आहे हे आम्हाला कळते. पंधरा वर्षांची अबोल्याची सवय एका रविवारी जात नाही. पण दारावरून जाताना "काकू, बऱ्या आहात ना?" एवढे विचारायला कोर्टाचा निकाल लागत नाही.

आता काही कामाच्या गोष्टी. आजारपण किंवा तान्ह्या बाळाची काळजी अशा गंभीर कारणाने रविवारी येता आले नाही तर ते पाप नाही, हे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजीने "माझी मिस्सा चुकते" म्हणून रडू नये. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची धरली जाते, तशी तरतूद 1983 च्या धर्मविधिसंहितेत आहे. बेदाण्याच्या हंगामात शेडवर रविवार-सोमवार नसतो हे आम्ही जाणतो. ज्यांना रविवारी सकाळी सुट्टी मिळत नाही त्यांनी शनिवारची संध्याकाळ जमेल की रविवारची, हे मिस्सेनंतर सांगावे. पाच-सात घरे असली तरी वेळ ठरवता येईल. ज्यांना घरी ख्रिस्तप्रसाद आणून हवा आहे अशा आजारी आणि वयोवृद्ध मंडळींची नावे शेजाऱ्यांनी द्यावीत, कारण ती मंडळी स्वतः होऊन मागत नाहीत. आणि पूर्वी येत असलेले, आता न दिसणारे असे एखादे घर आपल्या गल्लीत असेल, तर त्यांचे नाव आम्हाला देण्याआधी आपण स्वतः तिथे एकदा जाऊन यावे. चहा पिऊन यावे. चर्चचा विषय पहिल्याच भेटीत काढलाच पाहिजे असे नाही.